एका सर्व्हेचे सहा आकडे: फील्ड इंजिनिअरांच्या पगाराचं प्रकरण

नोव्हेंबरच्या आढावा बैठकीत सेवा विभागाचे प्रमुख फार बोलले नाहीत. बारा महिन्यांत नऊ फील्ड इंजिनिअर गेले, एवढं सांगून ते खाली बसले. विभागात आता बेचाळीस जण उरलेत. गेलेल्या नऊपैकी सात तीन ते आठ वर्षं मुरलेले होते. यंत्र बिघडलं की ग्राहक कंपनीला नाही, थेट यांनाच फोन लावायचे.

एचआर प्रमुखांकडे उत्तर तयार होतं. त्यांनी सॅलरी सर्व्हेचं एक पान पडद्यावर लावलं. त्यावर लिहिलं होतं 'सीनियर फील्ड सर्व्हिस इंजिनिअर', बाजार १२८. आपण १००.

इथे थोडी ओळख करून देतो. कंपनी औद्योगिक यंत्रं बनवते आणि विकल्यावर ती सांभाळते. एकूण माणसं साडेतीनशेच्या आसपास. ही कंपनी मी या लेखासाठी रचली आहे आणि तिचे आकडे हिशेब उलगडून दाखवता यावा म्हणून बेतले आहेत. तिच्या हातून झालेल्या चुका मात्र या कामात नेहमी भेटतात. चलनाची भानगड नको म्हणून या बेचाळीस जणांच्या मूळ पगाराचा मध्यक, म्हणजे मीडियन (पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा), १०० धरला आहे. बाकीचे आकडे त्याच मापात वाचायचे.

बैठकीतला पहिला अर्धा तास वेगळ्याच वादात गेला. एचआर प्रमुख म्हणत होत्या, आपण २२ टक्के मागे आहोत. वित्तप्रमुख म्हणत होते, तुम्ही २८ टक्के वाढ मागताय. दोघांचंही बरोबर होतं. १२८ च्या तुलनेत १०० हे २२ टक्क्यांनी कमी, आणि १०० वरून १२८ गाठायचे तर २८ टक्के वाढ लागते. फक्त भाजक बदलला होता. तरीही 'तुमचे आकडे दर दहा मिनिटांनी बदलतात' हे वाक्य तेवढ्यात बोलून झालंच. पगाराच्या बैठकीत टक्केवारी सांगताना ती कशाच्या तुलनेत, हे आधी सांगावं. वेळ वाचतो आणि संबंधही टिकतात.

पान नीट वाचल्यावर

१२८ हा आकडा खोटा नव्हता. तो छापलेला होता आणि नामांकित संस्थेच्या अहवालात होता. तो एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर होता, एवढंच.

पहिली गफलत रकान्याची. १२८ हा 'एकूण रोख' रकान्यातला होता. त्यात मूळ पगारावर वर्षभराचा बोनस आणि प्रोत्साहन भत्ता धरलेला असतो. आपले १०० मात्र निव्वळ मूळ पगाराचे. शेजारच्या 'मूळ पगार' रकान्यात त्याच पदासाठी ११८ होते. दहा एककं तिथेच गळाली. ही चूक इतकी नेहमीची आहे की सर्व्हेचं पान हातात आलं की मी आधी रकान्याचं डोकं वाचतो, आकडा मागाहून.

दुसरी गफलत सरासरीची. ११८ ही कर्मचारीनिहाय सरासरी होती, म्हणजे सगळ्या कंपन्यांतली सगळी माणसं एका ढिगात टाकून काढलेली. भाग घेणाऱ्यांत एखादी कंपनी शेकडो इंजिनिअर बाळगणारी आणि चढे पगार देणारी असली, तर ही सरासरी तिच्याकडे झुकते. मीडियनवर तसा एका कंपनीचा जोर कमी पडतो. मीडियन होता ११४.

तिसरी गफलत सगळ्यांत महाग. त्या पानावर पदाच्या नावाखाली सहा ओळींचं कामाचं वर्णन होतं, आणि ते बैठकीतल्या कोणीच वाचलं नव्हतं. सर्व्हेतला 'सीनियर', म्हणजे तिसरी पातळी: नवं यंत्र बसवताना तांत्रिक निर्णय स्वतः घेणारा, तीन-चार जणांच्या कामावर देखरेख ठेवणारा, ग्राहकाबरोबर सेवा कराराच्या अटी ठरवताना टेबलावर बसणारा. आपल्याकडचे 'सीनियर' यांतलं काय करतात, असं विचारल्यावर सेवाप्रमुख हसले. तीन वर्षांपूर्वी पगारवाढीला पैसे नव्हते. त्या वर्षी वाढीऐवजी सगळ्यांच्या नावापुढे 'सीनियर' लागलं होतं.

तेव्हा खर्च न करता दिलेली ती पदवी आता २८ टक्क्यांचं बिल घेऊन दारात उभी होती.

पद जुळवताना नाव बाजूला ठेवून काम बघायचं, हा या क्षेत्रातला जुना नियम. ढोबळ संकेत असा की कामाचा ७० ते ८० टक्के भाग जुळला तर जुळणी ग्राह्य धरावी, त्याहून कमी असेल तर ते पान सोडावं. सेवाप्रमुखांबरोबर दोन दुपारी बसून एकेक नाव घेतलं. हे काम एचआरने एकट्याने करू नये. कोण काय करतो हे वरिष्ठालाच ठाऊक असतं. वरिष्ठाने एकट्यानेही करू नये, कारण त्याला आपला प्रत्येक माणूस वरच्या पातळीचा वाटतो. शेवटी तीस जण दुसऱ्या पातळीत बसले, आठ तिसरीत, आणि चार कुठेच बसेनात. त्या चौघांकडे नंतर येतो.

दुसऱ्या पातळीच्या पानावर मूळ पगाराचा मीडियन होता ९९. आपल्या तीस जणांचा ९८.

वित्तप्रमुखांनी फाइल मिटली. म्हणाले, "म्हणजे पगाराचा प्रश्न नाहीच. वरिष्ठांच्या वागण्याचा असेल." सेवाप्रमुखांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

माणसं गेली कुठे

बऱ्याच ठिकाणी इथे काम थांबतं, कारण हिशेब चोख लागलेला असतो. पण सात मुरलेले लोक एका एककासाठी नोकरी सोडत नाहीत. तेव्हा त्या सातांच्या एक्झिट इंटरव्ह्यूचे, म्हणजे नोकरी सोडताना घेतलेल्या मुलाखतीचे, फॉर्म काढले. 'सोडण्याचं कारण' या रकान्यात सगळ्यांनी 'वैयक्तिक' लिहिलं होतं. लोक तेच लिहितात, आणि शहाणपणाचंच करतात. 'पुढची नोकरी' हा रकाना मात्र पाच जणांनी भरला होता, आणि पाचही ठिकाणं आपल्याच ग्राहकांची निघाली. ज्यांची यंत्रं ते दुरुस्त करत होते, त्यांच्याच देखभाल विभागात ते कायमचे रुजू झाले होते. उरलेल्या दोघांपैकी एक प्रतिस्पर्ध्याकडे गेला, एकाने स्वतःचा व्यवसाय काढला.

उघडलेलं पान होतं 'यंत्रनिर्मिती उद्योग' या विभागातलं. आपण यंत्रं बनवतो, म्हणून तुलना यंत्रं बनवणाऱ्यांशी, हे आपसूक घडलं होतं. वस्तू विकताना तो आपला बाजार असेलही. माणसांच्या बाबतीत बाजार म्हणजे ते जिथून येतात आणि जिथे जातात ती ठिकाणं. फील्ड इंजिनिअरचं कौशल्य उद्योगाला बांधलेलं नसतं. यंत्र दुरुस्त करता येणारा माणूस यंत्र असेल तिथे चालतो. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पगाराचं वेगळं असतं. तिथे कंपनीची उलाढाल किती, यावर बरंच ठरतं, म्हणून तुलना आकारमानानुसार करतात. प्रत्येक पदासाठी सर्व्हेतला कुठला काप, म्हणजे कंपन्यांचा कुठला गट, घ्यायचा हे वेगवेगळं ठरवावं लागतं, आणि सर्व्हेचं सॉफ्टवेअर ते तुमच्यासाठी ठरवत नाही.

'सर्व उद्योग' हा काप लावल्यावर दुसऱ्या पातळीचा मीडियन १०३ आला, तिसऱ्या पातळीचा ११७.

याच सुमारास व्यवस्थापकीय संचालकांनी सोपा उपाय सुचवला. "एवढा घोळ कशाला? तीन प्रतिस्पर्ध्यांच्या एचआरला फोन करा आणि विचारा किती देतात." सूचना निरागस होती, पण हा फोन करू नये. प्रतिस्पर्ध्यांनी पगाराची ताजी माहिती आपसांत वाटून घेणं हे अनेक देशांत स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येतं. अमेरिकेत टॉड विरुद्ध एक्झॉन या खटल्यात मोठ्या तेल कंपन्यांवर नेमका हाच आरोप होता: व्यवस्थापकीय, व्यावसायिक आणि तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या पगाराचे तपशील त्या एकमेकींना देत होत्या. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला होता. २००१ मध्ये सेकंड सर्किट अपील न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश होत्या सोनिया सोटोमायोर, ज्या पुढे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

तिथल्या सरकारी यंत्रणांनी १९९० च्या दशकात आरोग्यसेवा क्षेत्रासाठी एक सुरक्षित चौकट घालून दिली होती. सर्व्हे त्रयस्थाने चालवावा, माहिती तीन महिन्यांहून जुनी असावी, प्रत्येक आकड्यामागे किमान पाच जणांची माहिती असावी, आणि त्यात कोणा एकाचा वाटा २५ टक्क्यांहून जास्त नसावा. इतर क्षेत्रांतले सर्व्हेवालेही हेच मोजमाप वापरू लागले. २०२३ मध्ये ती चौकट मागे घेतली गेली, म्हणजे आता तिच्या आडोशाला उभं राहण्याचीही हमी उरली नाही. सर्व्हेवाल्यांच्या हातातली ती सवय मात्र सुटलेली नाही. ताळा पाहायला घेतलेल्या दुसऱ्या सर्व्हेत तिसऱ्या पातळीच्या रकान्यात नुसती फुली होती, कारण माहिती देणाऱ्या कंपन्या चारच होत्या. फुली बघून चिडू नये. ती तुमच्याही माहितीचं रक्षण करत असते.

आकड्याला तारीख असते

पहिल्या सर्व्हेतले पगार १ एप्रिलचे होते. आपली नवी वेतनरचना लागू व्हायची पुढच्या १ जानेवारीपासून, वर्षभरासाठी. दरम्यान बाजार थांबलेला नसतो, म्हणून जुना आकडा पुढे सरकवतात. सर्व्हेतच पगारवाढीचा वार्षिक अंदाज ५ टक्के दिला होता, तोच घेतला.

प्रश्न असा की सरकवायचा कुठवर? १ जानेवारीपर्यंत सरकवला तर नऊ महिन्यांचे ३.७५ टक्के, म्हणजे १०३ चे १०६.९. मग आपण पहिल्या दिवशी बाजाराच्या बरोबरीने असू आणि वर्षभर हळूहळू मागे पडत जाऊ. ३१ डिसेंबरपर्यंत सरकवला तर जवळजवळ वर्षभर पुढे राहू, पण त्याचे पैसे पहिल्याच दिवसापासून मोजावे लागतील. मधला मार्ग म्हणजे वर्षाचा मध्य, १ जुलै: पंधरा महिन्यांचे ६.२५ टक्के, म्हणजे १०९.४. अर्धं वर्ष थोडे पुढे, अर्धं वर्ष थोडे मागे. हा खरा धोरणाचा निर्णय आहे आणि तो बहुतेक ठिकाणी एक्सेलच्या एका कोपऱ्यात, कोणालाही न विचारता होऊन जातो. इथे तो संचालकांसमोर ठेवला. त्यांनी मधला मार्ग निवडला.

दुसऱ्या सर्व्हेत दुसऱ्या पातळीचा मीडियन १०६ होता, तारीख १ ऑक्टोबर. नऊ महिने पुढे नेल्यावर ११०. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचलो, तेव्हा जिवात जीव आला. दुसऱ्या पातळीचा मध्यबिंदू, म्हणजे तिच्या पगारश्रेणीचा मधला आकडा, ११० ठरला. तिसऱ्याचा, एकाच सर्व्हेच्या आधारावर, १२४.

थोडक्यात, त्या एकाच सर्व्हेतून १२८, ११८, ११४, ९९, १०३ आणि १०९ असे सहा आकडे निघाले, आणि त्यांतला कुठलाही एक घेऊन आत्मविश्वासाने भाषण ठोकता आलं असतं.

सगळं हिरवं

मध्यबिंदू ११० म्हणजे पगाराची श्रेणी ८८ ते १३२: खाली ८० टक्के, वर १२० टक्के. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये हे भरलं की ते लगेच अहवाल देतं. श्रेणीच्या तळाखाली कोण, माथ्यावर कोण. अहवाल स्वच्छ आला. तळाखाली कोणी नाही, माथ्यावर कोणी नाही, सगळं हिरवं. हे बघून पुष्कळ ठिकाणी समाधानाने चहा मागवला जातो.

तीस जणांना रुजू झाल्याच्या वर्षानुसार लावल्यावर मात्र चित्र फाटलं. गेल्या दोन वर्षांत आलेले आठ जण १०४ ते १०९ वर होते, मीडियन १०७. त्याआधीपासून असलेले बावीस जण ८८ ते १०० वर, मीडियन ९६. पगाराला मध्यबिंदूने भागलं की कंपा-रेशो मिळतो. नव्यांचा ९७ टक्के आला, जुन्यांचा ८७. ज्याने काम शिकवलं तो, ज्याला शिकवलं त्याच्यापेक्षा कमी घेत होता. बावीस जणांतला सगळ्यांत वरचाही नव्यांतल्या सगळ्यांत खालच्याच्या खाली होता.

हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. नवा माणूस घेताना बाजाराचा भाव मोजावाच लागतो, नाहीतर तो येत नाही. आत असलेल्याला दरवर्षी ठरलेल्या टक्केवारीनेच वाढ मिळते. बाजार त्या टक्केवारीपेक्षा वेगाने चालला की दर वर्षी थोडी फट पडते आणि काही वर्षांत ती एवढी होते. गेलेले सातही या जुन्यांच्या गटातलेच होते. तीस जणांचा मिळून काढलेला ९८ हा मीडियन या दोन गटांच्या मीडियनांच्या मध्ये कुठेतरी होता आणि दोघांबद्दलही काही सांगत नव्हता.

पैसे

बेचाळीस जणांच्या मूळ पगाराची बेरीज ४३०० एककं. सरसकट २८ टक्के दिले असते तर १२०४ लागले असते, आणि नव्या-जुन्यांतली फट तशीच राहिली असती. उलट एककांत मोजली तर वाढलीच असती. सरसकट वाढीचं हे दुखणं आहे. ती न्याय्य दिसते आणि जिथे दुखतं तिथे कमी पोहोचते.

मग माणसांनुसार मांडलं. बावीसपैकी अठरा जण कामात पक्के. त्यांना सरासरी ९६ वरून ११० ला न्यायचं: २५२. उरलेल्या चौघांना प्रत्येकी ४: १६. आठ नव्यांना मिळून ९. तिसऱ्या पातळीतले आठ जण सरासरी ११२.५ वर होते. दुसरी पातळी वर सरकल्यावर त्यांना तिथेच ठेवलं तर वरची पायरी खालच्या पायरीला टेकते, म्हणून त्यांना सरासरी १२२ ला न्यायचं: ७६. न जुळलेल्या चौघांना २४. एकूण ३७७, म्हणजे ८.८ टक्के.

वित्तप्रमुखांची मर्यादा होती ७ टक्के, ३०१ एककं, आणि तीही त्या वर्षात प्रत्यक्ष बाहेर जाणाऱ्या पैशांची. मग दोन टप्पे केले. जानेवारीत २३७: अठरा जण १०४ पर्यंत, तिसरी पातळी अर्ध्याहून थोडी पुढे, बाकीच्यांचं सगळं. उरलेले १४० दुसऱ्या टप्प्यात. तो जुलैत ठेवला तर वर्षाचा खर्च ३०७ होत होता, मर्यादेच्या बाहेर. ऑगस्टमध्ये ठेवला तर २९५. एवढ्यासाठी ऑगस्ट ठरला. शास्त्र वगैरे त्यात काही नाही.

मंजुरी मिळाली ती मात्र सर्व्हेमुळे नव्हे. सेवाप्रमुखांनी एक साधा हिशेब मांडला. नवा इंजिनिअर एकटा ग्राहकाकडे जाऊ लागेपर्यंत सहा महिने जातात. सात जणांचा सहा महिन्यांचा पगार, १०७ च्या दराने, जवळजवळ ३७५. वित्तप्रमुखांनी आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता: पगार वाढवला म्हणून सातही राहिले असते असं नाही, शिवाय शिकवण्याचा खर्च एकदाच होतो आणि वाढलेला पगार दरवर्षी द्यावा लागतो. तरी त्यांनी सही केली.

ते चौघे

उरले ते चार जण. ते क्वचितच ग्राहकाकडे जातात. यंत्रांतून येणारी माहिती पडद्यावर वाचून बिघाड होण्याआधी ओळखतात. अर्धं काम इंजिनिअरचं, अर्धं डेटा विश्लेषकाचं. दोन्ही सर्व्हेंत असं पान नव्हतं. दोन पदांच्या आकड्यांची सरासरी काढायचा मोह इथे होतो. पण दोन अर्धी कामं करणाऱ्याला दोन्हींची सरासरी द्यायची हा गणिताचा नियम झाला, बाजाराचा नव्हे. दुसऱ्या पातळीच्या मध्यबिंदूवर थोडं अधिक धरून ११६ ठरवला, आणि फाइलमध्ये स्पष्ट लिहिलं: हा अंदाज आहे, जुळणी नाही.

पत्रं वाटल्यावर त्या चौघांपैकी एकाने एचआर प्रमुखांना विचारलं, "मॅडम, बाकीच्यांना तुम्ही सर्व्हेचा आधार सांगितला. माझं पान कुठलं?" त्यांनी तो कागदच दाखवला, 'अंदाज' या शब्दासकट. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, निदान लिहिलंय तरी.

मार्चअखेर पुढच्या सर्व्हेची प्रश्नावली आली. माहिती भरणाऱ्या कंपनीला अहवाल सवलतीत मिळतो, म्हणून ही कंपनी ती दरवर्षी भरते. एचआर प्रमुखांनी नमुना म्हणून आधीच्या वर्षी भरलेली प्रत काढली. त्यात फील्डवरचे सगळेच्या सगळे 'सीनियर' या एकाच ओळीत, तिसऱ्या पातळीवर टाकलेले होते. ज्या पानाने १२८ म्हणून घाबरवलं होतं, त्या पानात आपलीही माणसं चुकीच्या जागी मिसळलेली होती आणि तो आकडा थोडाफार खालीच ओढत होती.

या वेळी त्यांनी दोन ओळी भरल्या. चौघांची ओळ कोरी ठेवली आणि शेऱ्याच्या चौकटीत विचारलं: या कामासाठी पुढच्या वर्षी वेगळं पद घेता येईल का?